लाल फडक्यातला वस्तरा

भिमाजी पाटलाच्या हनुवटीखाली नायटा उठला तो चैत्रात. चवलीच्या नाण्याएवढा, लालभडक, कडेनं पुळ्या धरलेला. सायखेड्यात तो सगळ्यांत आधी पाहिला सावळीराम न्हाव्यानं. गावात कुणाच्या टाळूवर काय आहे आणि कुणाच्या कानामागं काय लपलंय, हे न्हाव्याइतकं घरच्या बायकोलाही ठाऊक नसतं.

"पाटील, हे चिघळंल बरं का," सावळीराम हळूच म्हणाला.

"तू तुझं काम कर. आन् कुनाजवळ बोललास तर याद राख."

सावळीराम मुळात गप्प माणूस. गावात तो कशाला बोलतोय! पण घरी आल्यावर वस्तरा हातात धरून बसून राहिला, तेव्हा बायको नवसाबाईनं त्याच्याकडून सगळं काढून घेतलंच. नवसाबाई गावातल्या बायांची बाळंतपणं करायची. तिच्या सासूनं तिला एकच गोष्ट मार देऊन शिकवली होती, की नाळ कापायचं पातं आधी खळखळत्या पाण्यातून काढायचं.

"मंग वस्तराबी उकळा की," ती म्हणाली. "एका तोंडाचं दुसऱ्या तोंडाला लागाया नको."

"उकळला की वस्तऱ्याची धार मरती. तुझ्या पात्याचं निभतं, माझं पोट ह्या धारंवर हाय."

"धार मेली तर परत लावा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

म्हातारा बुधा, सावळीरामाचा बाप, ओट्यावर बसून ऐकत होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. दिसायचं बंद झालं होतं, पण बोटं अजून न्हाव्याची होती. त्यानं आपला जुना वस्तरा काढून दिला. शिंगाची मूठ, टोकाला टवका उडालेला. "पाटलाला ह्यो ठेव निराळा," तो म्हणाला. नवसाबाईनं जुन्या चोळीचं लाल फडकं फाडून दिलं. घाईत हाताखाली भलता वस्तरा येऊ नये, एवढंच त्या रंगाचं कारण.

पहिले काही दिवस पाटील खूश होता. पारावर बाकीच्यांच्या दाढ्या एकाच वस्तऱ्यानं व्हायच्या आणि याच्यासाठी हत्यारांच्या धोकटीतून लाल फडकं निघायचं. त्याला वाटलं, मान आहे! मग एका सकाळी पारावरचा कुणीतरी रिकामटेकडा हसत म्हणाला, "आमच्या मामाच्या गावाला रक्तपितीवाल्याला असाच निराळा वस्तरा ठेवत्यात."

झालं. पाटलाला महारोग्यात काढलं! तोंडावरचा फेस तसाच राहिला आणि तो उठून उभा राहिला.

"मला रक्तपिती झाली व्हय रं सावळ्या?"

"नाय वो पाटील, आपलं ते..."

"ज्या वस्तऱ्यानं ह्या समद्यांची करतोस, त्याच वस्तऱ्यानं माझी कर. आत्ता. माझ्यासमोर."

सावळीरामानं पाराकडं पाहिलं. दहा-बारा माणसं ओल्या दाढ्या घेऊन बसलेली. एक शब्द बोलला असता तर पुढचं काही झालं नसतं. पण पाटलासमोर जीभ उचलायची सवयच नव्हती त्या घराण्याला. त्यानं लाल फडकं गुंडाळून धोकटीत टाकलं, गावाचा वस्तरा घेतला आणि नायट्यावरून फिरवला. मग त्याच वस्तऱ्यानं पुढची माणसं केली. पाटील शेवटपर्यंत तिथंच मिशीला पीळ देत बसला होता.

ज्येष्ठ लागेपर्यंत निम्म्या गावाच्या हनुवट्या सुजल्या. गालांवर पू धरलेले गोळे, केस ओढला की मुळासकट हातात. उकाडा तर असा, की घाम त्यावर उतरला की धडधाकट गडी रात्रीचे रडायचे. लहान पोरांच्या डोक्यांवर चट्टे पडले. गाव चिडलं, आणि गाव चिडलं की त्याला कुणाचं तरी नरडं लागतंच. पाटलानं ते हातात आणून दिलं. चावडीपुढं सगळ्यांना जमवलं आणि म्हणाला, "ह्या न्हाव्याच्या घाणीनं गाव नासलं. वस्तरा धुवत नाय भडवा."

वाह रे पाटील! याच्या नायट्यावर तवर कुठल्याशा वैद्याच्या मलमानं खपली धरली होती.

आयुष्यात पहिल्यांदा सावळीराम बोलला. "पाटील, आधी कुनाला झालाता, सांगू का लोकास्नी?"

बोलला, आणि मेला. पाटलाच्या दोन गड्यांनी त्याला खाली बसवला. पाटलानं धोकटी उलटी केली आणि लाल फडकं उचललं. "निराळा वस्तरा काय? लय मानाचा? आज तुलाच मान देतो."

सावळीरामाच्या ध्यानात आलं, तसा तो गयावया करू लागला. "पाटील, डोस्कं भादरा, भुवया भादरा, कायबी करा. मिशी नका काढू. बाप जिता हाय माझा."

मिशी उतरते ती बाप गेल्यावर. बाप जिवंत असताना कुणी ओठ उघडा केला तर तो बापाच्याच जिवावर उठला, असं लहान पोरगंही सांगेल. जमलेल्यांतली दोन म्हातारी माणसं चुळबुळली, पण पुढं कुणी झालं नाही. गड्यानं पाणीसुद्धा लावलं नाही. कोरडाच वस्तरा ओढला, आणि ज्या वस्तऱ्याला पाटलाचा पू लागलेला होता तो सावळीरामाच्या ओठावरून मागंपुढं चारदा फिरला.

उलटी पडलेली धोकटी गोळा करून तो घरी आला तेव्हा नवसाबाई दारातच होती. तिनं पाहिलं आणि तोंडावर पदर दाबला. बुधानं ओट्यावरून हाक मारली, "सावळ्या, हिकडं ये. काय झालं चावडीवर?"

सावळीराम बापापुढं बसला. म्हाताऱ्यानं हात पुढं केला. बोटं कपाळावरून, गालावरून खाली आली आणि ओठावर थांबली. पुन्हा एकदा फिरली. बुधानं हात मागं घेतला आणि आपल्याच छातीवर ठेवला.

"मी मेलो का रं?" तो म्हणाला.

सावळीरामानं त्याचे पाय धरले.

"कवा मेलो? मला सांगितलं नाय कुनी."

त्यानंतर म्हाताऱ्यानं आरडाओरडा केला नाही, की पाटलाला शिव्याही दिल्या नाहीत. नवसाबाई ताट घेऊन गेली की तो म्हणायचा, "मेल्या मानसाला वाढती व्हय ग पोरी?" आणि भिंतीकडं तोंड करायचा. तिनं हात जोडले, रडली, रागावली. पेज करून चमच्यानं पाजायला बघितली. आषाढात तो गेला.

आणि ऐका पुढचं. दहाव्याला चांदोरीहून न्हावी बोलावला. भाऊबंदांचं क्षौर त्यानं केलं, सावळीरामाचं डोकं उतरवलं, आणि ओठाशी येऊन त्याचा हात थांबला. ओठ नव्हताच तो. खपली, पू आणि सूज. केसाचं नाव नाही.

"हितं काय काढू?" चांदोरीच्या माणसानं विचारलं.

सावळीराम नदीकडं बघत राहिला. बापाला द्यायला त्याच्याकडं मिशीच उरली नव्हती. पुढं खपली पडली, पण तिथं पुन्हा केस आला नाही. गुळगुळीत, पांढरट कातडं राहिलं ते राहिलंच.

दहाव्याच्या दिवशी घरी आल्यावर नवसाबाईनं धोकटी काढली. सगळी हत्यारं राखेनं घासली. कातर, नखं काढायची नराणी, चिमटा, दोन वस्तरे. तिसरा मात्र तिनं धुतला नाही. वाळलेलं रक्त आणि कोरड्या केसांचे तुकडे होते तसेच ठेवून तो लाल फडक्यात बांधला.

"ह्याला पानी लागू देनार नाय मी," ती म्हणाली. "पाटलाचा हाय, त्याच्याच तोंडाला लावीन. मंगच मरीन."

सावळीरामानं घासलेली हत्यारं धोकटीत भरली. तिला त्याचा राग आला. बाप गेला तरी ह्या माणसाच्या तोंडून एक शिवी निघत नाही!

गाव सोडून दोघं नाशकाला आली. नवसाबाईचा लांबचा मामा बहिरू पंचवटीत, रामकुंडाच्या वरच्या अंगाला न्हावीकाम करायचा. घाटावरच्या न्हाव्यांत त्याचा शब्द चालायचा. त्यानं आपल्याशेजारची पडवी त्यांना मिळवून दिली आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "हितं जत्रेकरूंवरनं मारामाऱ्या व्हत्यात. म्हून आमच्या पंचांनी ठरवलंय. एकानं पानी लावलेलं डोस्कं दुसऱ्यानं धरायचं नाय. अर्ध्यात उठलं गिऱ्हाईक, तर तसंच जाईल घरला. मोडलं तर जातीभाईर."

पडवीच्या मागच्या बाजूला नवसाबाईनं गोणपाटाचा पडदा बांधला आणि त्यामागं चूल मांडली. तिथून पुढं दुकानावर राज्य तिचं. तांब्याच्या तपेल्यात पाणी सतत उकळत असायचं आणि त्यात कडुनिंबाचा पाला. एका माणसाचं झालं की वस्तरा पडद्याआड यायचा, तपेल्यात पडायचा, चिमट्यानं बाहेर निघायचा, पुसला जायचा आणि परत जायचा. सावळीराम त्याला पुन्हा पट्ट्यावर ओढायचा. धार मरते म्हणून कुरकुर त्यानं कधीच केली नाही. गळ्यात बांधायचं फडकं ज्याचं त्याला. वापरलेलं रोज उकळून उन्हात. खाली पडलेले केस दर माणसामागं झाडायचे. बसायच्या फळीवर गोमूत्राचा हात, भिंतीला चुना. कुणाच्या अंगावर चट्टा दिसला की नवसाबाई आतून म्हणायची, "ह्यांना वस्तरा विकत आनायला सांगा. त्यांचा त्यांना घरी न्यू द्या." बहिरू हसायचा. "न्हाव्याचं दुकान हाय का बाळंतिणीची खोली?" पण मुनशिपालटीचा माणूस घाटावर आला की बहिरूच त्याला बोटानं हे दुकान दाखवायचा.

आणि सावळीराम नाकाखाली पांढरं फडकं बांधून काम करायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, आपल्या श्वासाची बाधा दुसऱ्याला नको म्हणून हा एवढं जपतो! बाहेरगावची माणसं त्याचं कौतुक करायची. त्या फडक्याखाली काय आहे ते नवसाबाईला माहीत होतं. चुलीच्या वर, खुंटीला, लाल गाठोडं लटकत होतं. धुरानं ते काळपटलं, तरी तिनं ते खाली काढलं नाही.

अशीच काही वर्षं गेली. पौष होता. गोदेवरून असा गारठा येत होता की घाटावर उघडी बसलेली माणसं दात वाजवत होती. नवसाबाई चुलीत लाकूड सारत होती आणि तिच्या कानावर आवाज आला.

"वस्तरा उकळलेला हाय ना? आमाला एकदा नायटा झालाता, तवापासनं फार जपतो आमी. बाजारात म्हनले हेच दुकान चोख."

तिच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं. तिनं गोणपाटाला डोळा लावला. फळीवर भिमाजी पाटील बसला होता. अंगावर पंचा, डोकं भिजवलेलं, मिशी तीच, वर वळलेली. मागं सायखेड्याची वीस-पंचवीस माणसं. त्याचा बाप गेला होता. सायखेड्यालाही गोदाच वाहते, पण पाटलाच्या बापाचा दहावा रामकुंडावरच व्हायला हवा ना! खाली घाटावर भटजी पिंडाची तयारी करून बसला होता.

फडक्यातून सावळीरामानं नुसती मान हलवली. उकळलेला आहे, म्हणून. पाटलानं त्याला ओळखलं नव्हतं.

नवसाबाईनं खुंटीवरचं गाठोडं खाली काढलं. फडक्याच्या गाठी सुटेनात, दातांनी सोडल्या. वस्तरा उघडला. पात्यावर तांबूस गंज आणि काळी पुटं. बोटाला लागलं तर धुवायला हवं, एवढीही तिला शुद्ध नव्हती. पडद्याखालून हात बाहेर काढून तिनं तो सावळीरामाच्या मांडीशी ठेवला.

सावळीरामानं शिंगाची मूठ पाहिली. टवका पाहिला. त्याचा हात पुढं गेला.

'घे,' ती मनात म्हणाली. 'घे, धनी, एकदा तरी बापाचा लेक हो. पातं मुठीत झाक आन् घे.'

सावळीरामानं तो वस्तरा फडक्यासकट पायाखाली सारला आणि मान न वळवता म्हणाला, "तपेल्यातला दे. ह्या दुकानात घान चालत नाय."

षंढ! नवसाबाईनं ओठावर आलेला शब्द गिळला. एवढी वर्षं धुरात कुणासाठी बसले मी? तिनं तपेल्यातला वस्तरा काढला तेव्हा बोटांवर उकळतं पाणी सांडलं, ते तिला कळलंही नाही. तिनं तो बाहेर फेकल्यासारखा ठेवला.

सावळीरामानं पाटलाचं डोकं धरलं आणि काम सुरू केलं. काय हात चालत होता! कपाळापासून मानेपर्यंत एकेक पट्टा साफ उतरत होता, कुठं लाल ओरखडा नाही. शेंडी नीट राखली. कानामागं, मानेच्या घडीत, सगळीकडं. मग दाढी. हनुवटी वर करून तो जुना डाग आला तिथं त्यानं वस्तरा अगदी हलका केला. पाटलानं डोळे मिटले होते. "हात लय हलका हाय रं तुझा," तो म्हणाला. पडद्याआड नवसाबाई ऐकत होती आणि भाजलेली बोटं आवळत होती.

मग फक्त मिशी राहिली.

सावळीरामानं पाणी घेतलं. बोटं पाटलाच्या ओठापर्यंत नेली. तिथं थांबला. मग वाटी बाजूला ठेवली, वस्तरा मिटला आणि उठून उभा राहिला.

"झालं," तो म्हणाला.

पाटलानं डोळे उघडले. हातानं ओठ चाचपला. "मिशी राहिली की."

"राहू द्या."

"बाप मेलाय माझा! मिशी राहू द्या काय म्हनतोस?"

सावळीरामानं मानेमागची गाठ सोडली. फडकं खाली आलं. पौषातल्या उन्हात ते पांढरं, केस नसलेलं कातडं सगळ्यांना दिसलं. सायखेड्याची माणसं वाकून बघू लागली. मागच्या रांगेतला कुणीतरी म्हणाला, "आरं, आपला सावळा हाय ह्यो."

"पाटील," सावळीराम म्हणाला, आवाज न चढवता, "माझा बाप जिता असताना तुमी माझी मिशी काढली. आता तुमचा बाप मेलाय, तर तुमची मी ठेवतो. फिटलं."

पडद्यामागं नवसाबाई मटकन खाली बसली. आधी तिला हसू आलं की रडू, ते तिचं तिलाच कळलं नाही. एवढी वर्षं हा माणूस गप्प बसून काय उकळत होता मनात!

पाटील संतापला, शिव्या दिल्या. मग "काय पाहिजे ते देतो" म्हणाला. मग उठला तो तडक बहिरूकडं गेला. बहिरूनं त्याचं ओलं, साफ उतरलेलं डोकं पाहिलं, वर मिशी पाहिली आणि हात मागं घेतला. "ज्यानं पानी लावलं त्यालाच सांगा. आमचा नियम हाय." पुढच्या न्हाव्यानंही तेच सांगितलं. त्याच्या पुढच्यानं तर पाहिल्याबरोबर मान फिरवली. घाटभर पाटील मुंडण केलेलं डोकं आणि वळवलेली मिशी घेऊन फिरत होता. यात्रेकरू थांबून बघत होते. एक बाई शेजारणीला म्हणाली, "असं काय ग त्याचं? बाप गेलाय का न्हाय नक्की?" खालून भटजी हाका मारत होता. मिशीसकट पिंडाला हात लावू देईना तो.

शेवटी पाटील परत आला. थंडीनं ओठ निळे झाले होते. फळीपुढं उभा राहिला आणि हात जोडले. "सावळीराम," तो म्हणाला. सायखेड्यात जन्मात त्यानं पूर्ण नाव घेतलं नव्हतं. "बापाच्या तोंडाकडं बघून तरी काढ."

"कुनाच्या बापाच्या?" सावळीरामानं विचारलं.

तेव्हा गोणपाट सारून नवसाबाई बाहेर आली. खाली वाकून तिनं सावळीरामाच्या पायाखालचं लाल फडकं उचललं, उलगडलं आणि फळीवर पाटलापुढं ठेवलं.

"ह्यो घ्या. तुमचाच हाय, निराळा ठिवलेला. तुमच्या मागारी कुनालाबी लावला नाय, फक्त ह्यांना. आपल्या हातानं काढा."

पाटलानं वस्तऱ्याकडं पाहिलं. मूठ त्यानं ओळखली.

"ह्यो... ह्यो तरी उकळून दे बाई."

"तेवढं पानी आमच्या चुलीवर नाय."

भटजीची पुन्हा हाक आली. मागच्या सायखेडकरांत कुणी पुढं झालं नाही. चावडीपुढंही झालं नव्हतं. पाटलानं वस्तरा उचलला आणि पायऱ्यांवर जाऊन बसला. जन्मात कधी स्वतःची दाढी केली नव्हती त्यानं. नदीचं पाणी ओठाला लावलं आणि गंजलेलं पातं ओढलं. पहिल्याच हाताला रक्त आलं. तो थांबला, इकडंतिकडं बघितलं, आणि पुन्हा ओढलं.

सावळीरामानं तिकडं पाठ केली. फडकं पुन्हा बांधायला त्यानं उचललं, जरा विचार केला आणि ते धुवायच्या ढिगात टाकून दिलं. नवसाबाई मात्र हलली नाही. ओठाचा शेवटचा केस उतरेपर्यंत ती कमरेवर हात देऊन उभी राहून बघत होती. पाटील रक्ताळलेलं तोंड पंचात धरून पिंडाकडं गेला. वस्तरा पायरीवर तसाच पडला होता. तिनं तो चिमट्यानं उचलला आणि गोदेच्या धारेत लांब फेकला.

मग आत येऊन तिनं पाटील बसला होता ती फळी गोमूत्रानं पुसली, खालचे केस झाडून घेतले आणि चुलीत लाकूड सारलं.

"पानी उकळलंय," ती म्हणाली. "बोलवा, पुढचं कोन हाय?"